खुर्ची बदलली तरी टिकेल असं काम

तुमचा प्रश्न वाचला. बोरिवलीतल्या तुमच्या सोसायटीत छतावर सौर पॅनेल बसवायचा ठराव येतोय आणि कमिटीतले एक काका त्याला आडवे आलेत. त्यांचं म्हणणं असं, की अमेरिका हवामानाच्या पॅरिस करारातून एकदा बाहेर पडते, परत येते, पुन्हा बाहेर पडते; इथे सरकार बदललं की मेट्रोच्या कारशेडची जागा बदलते; पालिकेत तर कित्येक वर्षं नगरसेवकच नव्हते. अशा कारभारात आपण चार पॅनेल लावून कुठला समुद्र थोपवणार? काकांना काय सांगू, आणि पॅनेलच्या पुढे जाऊन या शहरात सामान्य माणसाला खरोखर काही करता येतं का, असं तुम्ही विचारलंय.

मी इमारतींचं ऊर्जा लेखापरीक्षण करतो. सोसायट्या, शाळा, सरकारी कार्यालयं अशा ठिकाणी वीज कुठे गळतेय ते शोधायचं, हे माझं पोटापाण्याचं काम. त्यामुळे सुरुवात हिशेबानेच करतो.

मुंबईत १ किलोवॉट पॅनेलला साधारण १०० चौरस फूट बिनसावलीची जागा लागते आणि पावसाळा धरून वर्षाची सरासरी काढली तर दिवसाला ४ युनिटच्या आसपास वीज मिळते. पाण्याची टाकी, लिफ्टची खोली, डिश अँटेना हे सगळं सोडून तुमच्या गच्चीवर २० किलोवॉट बसले असं धरू. वर्षाला २८-२९ हजार युनिट झाले. ग्रिडवरच्या, म्हणजे सार्वजनिक वीजजाळ्यातल्या, एका युनिटमागे ढोबळमानाने ०.७ किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो, म्हणजे बचत वर्षाला सुमारे २० टन. आता दुसरी बाजू. पालिकेच्या हवामान कृती आराखड्यात २०१९ सालचं मुंबईचं एकूण उत्सर्जन २ कोटी ३४ लाख टनांच्या घरात दाखवलंय. भागाकार करा: तुमच्या पॅनेलच्या बचतीचा वाटा अकरा-बारा लाखांत एक. हे काकांनी काढून दाखवण्याआधी तुम्हीच सांगून टाका. सभेत विरोधाची निम्मी हवा तिथेच निघते.

पण त्याच आराखड्यातला पुढचा आकडाही सांगा. त्या उत्सर्जनातला ७० टक्क्यांहून जास्त भाग ऊर्जेचा आहे, आणि त्यात इमारतींमध्ये जळणारी, कोळशावर तयार झालेली वीज मुख्य. वाहतुकीचा वाटा साधारण पाचवा हिस्सा, उरलेला कचऱ्याचा. म्हणजे मुंबईत हवामानाचा प्रश्न हा बराचसा इमारतींचा प्रश्न आहे, आणि या शहरातल्या इमारती बहुतांशी मंत्र्यांच्या ताब्यात नसून सोसायट्यांच्या ताब्यात आहेत. वार्षिक सर्वसाधारण सभेत ठराव मंजूर करायला मंत्रालयाची परवानगी लागत नाही.

आता राजकारणाकडे येऊ. अमेरिकेत हवामान बदल खरा की खोटा यावर निवडणुका लढल्या जातात. आपल्याकडे तसं नाही. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, त्यानंतर या शहरातला कुठलाही पुढारी 'असं काही नसतंच' म्हणायला धजलेला नाही. भाषणात सगळेच पर्यावरणवादी. अडचण दुसरीकडे आहे: खर्च आज करायचा आणि फायदा कुणाच्या तरी पुढच्या कारकिर्दीत दिसायचा.

उदाहरण पावसाच्या पाण्याचंच घ्या. शहराची पर्जन्यवाहिनी व्यवस्था ब्रिटिशकालीन, तासाला २५ मिलिमीटर पावसाच्या हिशेबाने बांधलेली. ती दुप्पट करा असं सांगणारा ब्रिमस्टोवॅड अहवाल १९९३ साली आला आणि बराच काळ पडून राहिला. २००५ च्या पुरानंतर त्याला पैसे मिळाले. मग त्यातलं काय लवकर झालं बघा: हाजी अली, इर्ला, लव्हग्रोव्ह, क्लीव्हलँड बंदर इथली उदंचन केंद्रं. मोठे पंप, मोठी इमारत, फीत कापायला जागा. आणि काय रखडलं? नाल्यांचं रुंदीकरण. तिथे काठावर लोक राहतात, त्यांचं पुनर्वसन करावं लागतं, ते मतदार असतात आणि त्यांच्या बाजूनेही न्याय्य मुद्दे असतात. राजकीय अडथळा म्हणतात तो बहुतेक वेळा असा दिसतो. त्यात खलनायक शोधत बसलात तर वर्षं जातील.

म्हणून मी या क्षेत्रात कुणी नवीन आलं की एकच गोष्ट सांगतो: काम माणसाला बांधू नका, खुर्चीला तर मुळीच नाही. माणूस बदलला तरी जे जागचं हलत नाही त्याला बांधा. न्यायालयाचा आदेश, अंदाजपत्रकातलं अर्थशीर्ष (एखाद्या कामासाठी राखलेलं खर्चाचं खातं), सरकारी दरसूचीतली एखादी ओळ, विजेचं बिल. यांना पक्ष नसतो.

खारफुटीचं बघा. बॉम्बे एन्व्हायर्नमेंटल ॲक्शन ग्रुपच्या जनहित याचिकेवर मुंबई उच्च न्यायालयाने २००५ साली राज्यभर खारफुटी तोडायला मनाई केली आणि २०१८ च्या अंतिम निकालात खारफुटीचा नाश म्हणजे जगण्याच्या मूलभूत हक्काचा भंग, असं ठरवलं. २०१२ मध्ये वन विभागात खारफुटी सांभाळणारा स्वतंत्र कांदळवन कक्ष झाला. मधल्या काळात मुख्यमंत्री किती झाले ते मोजा. आदेश तिथेच आहे. आजही एखाद्या प्रकल्पासाठी खारफुटी तोडायची तर सरकारी यंत्रणेला उच्च न्यायालयाच्या दारात उभं राहावं लागतं. अनेकदा परवानगी मिळते, हेही खरं. पण झाडं किती, का आणि त्याबदल्यात काय, हे आधी लेखी सांगावं लागतं, आणि त्या कागदामुळे पुढे कुणालाही जाब विचारता येतो.

किंवा पालिकेचा हवामान कृती आराखडाच घ्या. तो मार्च २०२२ मध्ये आला. त्याच महिन्यात पालिकेची मुदत संपून प्रशासक आले आणि जूनअखेर राज्यातलं सरकार बदललं. असा आराखडा कपाटात जायला याहून चांगला मुहूर्त नव्हता. तरी तो गेला नाही. २०२४ मध्ये पालिकेने पहिला हवामान अर्थसंकल्प अहवाल काढला. त्यात जुन्याच कामांवर नवी पट्टी चिकटवलेली पुष्कळ दिसते, ही टीका मला मान्य आहे. पण एकदा प्रत्येक खात्याला 'या कामाचा हवामानाशी काय संबंध' हा रकाना भरावा लागला, की पुढच्या वर्षी तो रकाना रिकामा ठेवणं अवघड जातं. 'माझी वसुंधरा' अभियान तसंच. ते २०२० मध्ये एका सरकारने सुरू केलं आणि पुढच्या सरकारनेही चालू ठेवलं, कारण त्यात नगरपालिका आणि ग्रामपंचायती एकमेकांशी बक्षिसासाठी स्पर्धा करतात. बक्षीस मिळवलेल्या गावाचं अभियान बंद करायला कुठला मंत्री पुढे येईल?

उलट्या बाजूचं उदाहरण बेस्ट. जुलै २०१९ मध्ये किमान भाडं ५ रुपयांवर आणलं. लोक खरंच बसकडे वळले, थांब्यांवर रांगा दिसायला लागल्या. पण कमी भाड्यामुळे पडणारा खड्डा दरवर्षी कुठून भरायचा, याची पक्की सोय झाली नाही. एकेकाळी बेस्टच्या ताफ्यात चार हजारांहून जास्त गाड्या होत्या. तो आटत गेला. भाडेतत्त्वावरच्या गाड्यांचे काही कंत्राटदार मधेच निघून गेले. मे २०२५ मध्ये किमान भाडं १० रुपये झालं. निर्णय लोकप्रिय होता, चांगलाही होता. अर्थशीर्षाला बांधलेला नव्हता. मला विचाराल तर मुंबईच्या हवामान धोरणातली ही सर्वात मोठी हातातून निसटलेली संधी आहे, आणि तिच्यावर कारशेडइतकी चर्चा कधीच झाली नाही.

कारशेडचा विषय तुमच्या काकांनी काढलाच आहे, तर त्यावरही बोलतो. ऑक्टोबर २०१९ मध्ये आरेत रातोरात झाडं तोडली गेली, नोव्हेंबरमध्ये नव्या सरकारने कामाला स्थगिती दिली, २०२० मध्ये कांजूरमार्ग ठरलं, ते न्यायालयात अडकलं, २०२२ मध्ये पुन्हा आरे. माझं मत दोन्ही बाजूंना रुचणार नाही. जंगल वाचवणारे आणि मेट्रो हवी म्हणणारे हे एकमेकांचे शत्रू ठरले, हेच त्यातलं खरं नुकसान. रोज लाखो लोकांना गाडीतून बाहेर काढणारी मेट्रो हे हवामानाचंच काम आहे, आणि आरेही. आंदोलन वाया गेलं असंही मी म्हणणार नाही. २०२० मध्ये आरेतली ८०० एकरांच्या आसपास जमीन राखीव वन म्हणून जाहीर झाली, ती त्या दबावाशिवाय झाली नसती. पुढे सरकार बदललं, कारशेड परत आरेत गेली, पण त्या जमिनीचा राखीव दर्जा राहिला. कारशेडची स्थगिती सरकारच्या मर्जीवर होती म्हणून फिरली, राखीव वनाचा निर्णय कायद्याच्या कलमाखाली गेला म्हणून टिकला.

दरसूचीचा उल्लेख मघाशी केला, तो जरा उलगडून सांगतो, कारण बाहेरच्या लोकांना ही गोष्ट सहसा माहीत नसते. सरकारी इमारतीत एखादी वस्तू बसवायची तर अभियंता ती बाजारातून मनाने आणू शकत नाही. मंजूर दरसूचीत ती बाब असावी लागते. नसेल तर वेगळं दर विश्लेषण, तीन कोटेशन, वरिष्ठांची मान्यता, आणि शेवटी लेखापरीक्षणात आक्षेप यायची धास्ती. साधा छताचा पंखा ७५ वॉट खातो, कमी वीज खाणाऱ्या नव्या मोटरचा बीएलडीसी पंखा ३० ते ३५. शाळेच्या एका वर्गात चार पंखे दिवसभर फिरतात. बचत उघड आहे, तरी मला कितीतरी अभियंते म्हणालेत, "साहेब, पटतंय, पण आयटम कुठाय?" त्यांना हवामान बदलावर व्याख्यान देऊन काही होत नाही. आयटम दरसूचीत आला, की मात्र पुढचा अभियंता काही न विचारता तोच टाकतो, कारण आता जुना पंखा टाकणं त्याला जास्त कटकटीचं असतं. असल्या कामाचं भूमिपूजन होत नाही, फोटो येत नाही. म्हणूनच त्याला कुणी विरोधही करत नाही.

विजेच्या वाहिन्यांचंही असंच. शहरातले कोळशावरचे संच बंद करा असं म्हणणं सोपं. पण बाहेरची वीज आत आणणारी वाटच अरुंद असेल तर ते बंद करता येत नाहीत. १२ ऑक्टोबर २०२० ला मुंबईची बत्ती गुल झाली, लोकल जागच्या जागी थांबल्या, तेव्हा हे सगळ्यांना कळलं. खारघर–विक्रोळी ही ४०० केव्हीची वाहिनी कित्येक वर्षं रखडून २०२३ मध्ये सुरू झाली. राजस्थानात किंवा सोलापुरात कितीही सूर्यप्रकाश असू दे, असल्या वाहिन्यांशिवाय तो तुमच्या लिफ्टपर्यंत पोहोचणार नाही. 'आम्हाला वाहिनी हवी' असा मोर्चा मी अजून पाहिलेला नाही. निघाला तर मी पहिल्या रांगेत असेन.

खर्च कुणी करायचा, हा प्रश्न मात्र कुठल्याही कागदाने आपोआप सुटत नाही. जानेवारी २०२५ मध्ये उच्च न्यायालयाने मुंबईतल्या लाकूड-कोळशावर चालणाऱ्या बेकऱ्यांना सहा महिन्यांत गॅसवर किंवा अन्य स्वच्छ इंधनावर जायला सांगितलं. हवेच्या दृष्टीने योग्यच. पण पावाची भट्टी चालवणारा बहुतेक छोटा माणूस, जागा अनेकदा पागडीची, गल्लीत गॅसची पाइपलाइन आलेली असेलच असं नाही, आणि जुन्या फर्निचरचं भंगार लाकूड त्याला स्वस्तात मिळतं. नवी भट्टी म्हणजे मोठा खर्च, तो पावाच्या लादीवर चढवला तर वडापाववाल्यापासून सगळे बोंब मारणार. इथे स्थानिक आमदार-नगरसेवक बेकरीवाल्याच्या बाजूने उभा राहिला, की आपण त्याला प्रदूषणाचा पाठीराखा म्हणून मोकळे होतो. त्याच्याकडे भट्टीसाठी कमी व्याजाचं कर्ज आणि पाइपलाइन कधी येणार याची तारीख घेऊन गेलात, तर तोच माणूस ते काम स्वतःचं म्हणून मिरवेल. मिरवू द्या. श्रेय फुकट वाटता येतं, आणि पुढाऱ्याला देण्याजोगी आपल्याकडे दुसरी वस्तू नसते.

आता तुमची सभा. तिथे 'पृथ्वी वाचवा' हा मुद्दा शेवटी ठेवा, नाही काढला तरी चालेल. सामायिक मीटरचं गेल्या बारा महिन्यांचं बिल आधी काढा. लिफ्ट, पाण्याचे पंप, जिन्यातले दिवे यांवर किती जातं ते सभासदांना माहीतच नसतं. देखभाल खर्चात ते मुरलेलं असतं. पॅनेलच्या आधी जुना पंप आणि जिन्यातले दिवे बदला, त्याचा खर्च कमी आणि परतावा लवकर. मग पॅनेल. केंद्राच्या पीएम सूर्यघर योजनेत गृहनिर्माण संस्थेला सामायिक वापरासाठी किलोवॉटमागे १८,००० रुपये अनुदान आहे, म्हणजे २० किलोवॉटला ३ लाख ६० हजार. नेट मीटरिंगमध्ये दुपारी तयार झालेली जादा वीज ग्रिडला जाते आणि बिलात वळती होते. बाकी खर्च साधारण चार ते सहा वर्षांत सुटतो. पॅनेलं पंचवीसेक वर्षं चालतात. पॅनेलची वीज घरच्या वापराजोगी करणारा इन्व्हर्टर मधे एकदा बदलावा लागेल, तो खर्च आजच कागदावर मांडा, नाहीतर दहा वर्षांनी नव्या कमिटीच्या नावाने शिमगा होईल.

खरा विरोध कुठून येतो ते ओळखा. वरच्या मजल्यावरच्या सभासदाला गच्ची गळायची भीती असते आणि ती रास्त आहे. वॉटरप्रूफिंग आधी, पॅनेल नंतर. शक्य असेल तर स्लॅबला भोकं न पाडता काँक्रीटच्या ठोकळ्यांवर सांगाडा, मात्र वाऱ्याच्या जोराचा हिशेब स्ट्रक्चरल इंजिनीअरकडून लेखी घ्या. दुसरा विरोध पुनर्विकासाचा. "बिल्डिंग पाडायचीच आहे, मग कशाला?" इमारत खरोखर चार-पाच वर्षांत जाणार असेल तर असं म्हणणारे बरोबर आहेत, पॅनेल लावू नका. त्याऐवजी विकसकाबरोबरच्या करारात नव्या इमारतीच्या गच्चीची सौर क्षमता, चार्जिंगची वायरिंग, ओल्या कचऱ्याच्या प्रक्रियेची जागा या गोष्टी आत्ताच लिहून घ्या. पुनर्विकासाच्या बोलण्यांमध्ये लोक जादा कार्पेट एरियासाठी महिनोन् महिने भांडतात आणि पुढची पन्नास वर्षं येणाऱ्या विजेच्या बिलाबद्दल एक ओळ घालत नाहीत. तुमच्या भागात ज्या वेगाने पुनर्विकास चाललाय ते पाहता, माझ्या मते एखाद्या जुन्या गच्चीवरच्या २० किलोवॉटपेक्षा त्या करारातली चार कलमं जास्त मोलाची आहेत. ती एका सोसायटीने घातली की शेजारची तोच मसुदा मागून नेते.

सोसायटीबाहेर काही करायचं असेल तर वेळापत्रक सांभाळा. पालिकेचं अंदाजपत्रक सहसा फेब्रुवारीच्या सुरुवातीला मांडलं जातं. त्याच्या आदल्या आठवड्यात निवेदन देणारे खूप भेटतात. तोवर सगळे आकडे बसलेले असतात. दिवाळीच्या आसपास वॉर्ड ऑफिसात जा, तेव्हा खाती आपापल्या मागण्या तयार करत असतात. आता नगरसेवक परत आलेत, त्यांच्याकडे प्रभाग समितीत प्रश्न विचारायचा हक्क आहे. त्यांना मोठं काही मागू नका. एक मोजता येईल अशी मागणी, एका पानावर, कुठल्या अर्थशीर्षातून होईल त्याच्या उल्लेखासह: अमुक शाळेच्या छताला उष्णता परतवणारा रंग, अमुक थांब्यावर सावली, अमुक पालिका मंडईच्या ओल्या कचऱ्याची तिथेच प्रक्रिया. विरोधी पक्षाच्या कार्यकर्त्यालाही तेच पान द्या, आणि दिलंय हे दोघांनाही कळू द्या.

त्या पानाची एक प्रत शिक्का मारून, आवक क्रमांकासह परत घ्या. अधिकाऱ्याची बदली झाली की नवा माणूस पहिल्यांदा आवक नोंदवही उघडतो; क्रमांक असेल तर तुमचं काम तिथे आहे, नसेल तर तुम्हाला सगळं पुन्हा पहिल्यापासून सांगावं लागेल. गच्चीचं मोजमाप झालं आणि बारा महिन्यांची बिलं हातात आली की मला पाठवा. तुमच्या पंपाचा आणि लिफ्टचा भार पाहून किती किलोवॉट खरोखर लागतात ते सांगतो. २० पेक्षा कमीच निघतील असा माझा अंदाज आहे.